पाहुण्या पक्ष्यांचं गाव कुठलं? डीएनएवरून स्थलांतर शोधण्याविषयी बेळगाव सीमाभागात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर लागला की धुपदाळच्या बंधाऱ्यावर, हिडकलच्या जलाशयात, अथणी-सौंदत्तीकडच्या काळ्या रानात आणि खानापूरच्या जंगलात परमुलखातले पक्षी उतरायला लागतात. मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम करून ते परत जातात. हे पक्षी येतात कुठून, असं शाळेतली मुलं विचारतात, जोंधळ्याची राखण करणारे शेतकरी विचारतात आणि अलीकडे कॅमेरा घेऊन फिरणारी तरुण मंडळीही विचारतात. गेल्या काही दशकांत या प्रश्नाचं उत्तर शोधायला डीएनएची मोठी मदत होऊ लागली आहे. त्याबद्दल नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

डीएनएवरून पक्ष्याचं मूळ ठिकाण कळतं ते कसं?

बरेच स्थलांतरित पक्षी ज्या भागात अंड्यातून बाहेर पडले, त्याच भागात पुढे घरटं बांधायला परततात. त्यामुळे एका प्रदेशातले पक्षी पिढ्यान्‌पिढ्या बहुतांशी आपसातच जोड्या जमवतात. डीएनएची प्रत काढली जाताना अधूनमधून एखादं अक्षर बदलतं. असे बदल त्या प्रदेशात साचत जातात आणि हजारो वर्षांनी कझाकस्तानातला पक्षी आणि पूर्व सायबेरियातला त्याच जातीचा पक्षी डीएनएच्या काही ठिकाणी वेगळे दिसू लागतात. डोळ्यांना मात्र ते अगदी सारखेच दिसत असतात.

अभ्यासक आधी विणीच्या प्रदेशात जातात, ठिकठिकाणच्या पक्ष्यांचे नमुने घेतात आणि कुठल्या भागात कोणत्या खुणा सापडतात याचा नकाशा तयार करतात. मग हिवाळ्यात आपल्याकडे पकडलेल्या पक्ष्याचा नमुना त्या नकाशाशी ताडून पाहतात. माणूस दोन वाक्यं बोलला की तो खानापूरकडचा, निपाणीकडचा की चंदगडचा, हे आपल्याकडे जाणत्या माणसाला कळतं. हेही तसंच आहे. उत्तर नेहमी शक्यतेच्या भाषेत मिळतं: हा पक्षी अमुक गटातला असण्याची शक्यता इतकी, तमुक गटातला असण्याची इतकी.

यातली मेख अशी की विणीच्या प्रदेशाचा नकाशाच तयार नसेल, तर आपल्याकडचा नमुना कितीही चांगला असला तरी तो कशाशी ताडणार? आपल्याकडे येणारे पक्षी मंगोलिया, रशिया, कझाकस्तान, इराण, तिबेट अशा अनेक देशांत वीण करतात. त्या देशांतल्या अभ्यासकांशी जोडून घेतल्याशिवाय हे काम पुढे सरकत नाही.

मग पक्षी कोणत्या वाटेने आला, हेही कळतं का?

नाही. डीएनए गाव सांगतो, वाट सांगत नाही. वाटेत तो कुठे थांबला, डोंगर कुठून ओलांडला, किती दिवस लागले, यासाठी दुसरी साधनं लागतात.

एक वाट आडून मात्र सापडते. स्थलांतराच्या मार्गावर एकाच ठिकाणी रोज पक्षी पकडून नमुने घेतले, तर कोणत्या आठवड्यात कोणत्या गावचे पक्षी तिथून गेले हे मांडता येतं. अमेरिकेत विल्सन्स वॉर्बलर या सात-आठ ग्रॅमच्या पिवळ्या पक्ष्यावर असं काम झालं. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात डीएनएमधल्या 96 ठिकाणांवरून या जातीचे सहा गट वेगळे ओळखता आले. एकाच ठाण्यावरून वसंतात कोणता गट आधी गेला आणि अलास्काकडचे पक्षी कसे मागाहून गेले, तेही दिसलं. पुढे अनेक जातींसाठी असे नकाशे करण्याचं काम 'बर्ड जीनोस्केप प्रोजेक्ट'ने हाती घेतलं. आपल्या मध्य आशियाई आकाशमार्गावरच्या लहान पक्ष्यांसाठी असं काम व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पायात कडी घालता येते, पाठीवर यंत्र लावता येतं. मग डीएनए कशाला?

तिन्हींची कामं वेगळी आहेत. कडी घातलेला पक्षी पुन्हा कोणाच्या तरी हाती लागला तरच उपयोग. लहान पक्ष्यांच्या बाबतीत हे क्वचितच घडतं. हजारो वटवट्यांच्या पायांत कडी घालावीत आणि दूर देशात त्यातलं एखादंच सापडावं, असा जगभरचा अनुभव आहे.

उपग्रहाला संदेश देणारं यंत्र सगळ्यात तपशीलवार माहिती देतं. अमूर ससाण्याचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. 2012 साली नागालँडमध्ये दोयांग जलाशयाजवळ हे ससाणे जाळ्यांत पकडून हजारोंच्या संख्येने मारले जात असल्याचं उघड झालं. पुढच्याच वर्षी तिथल्या गावकऱ्यांनी शिकार थांबवली. मग काही ससाण्यांच्या पाठीवर पाच ग्रॅमची यंत्रं बसवली गेली आणि हे पक्षी भारतीय द्वीपकल्प ओलांडून, थेट अरबी समुद्रावरून उडत आफ्रिका गाठतात हे नकाशावर दिसलं. पण अमूर ससाणा दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतो. पक्ष्यावर त्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांहून जास्त ओझं घालू नये, असा नियम पाळला जातो. आठ ग्रॅमच्या पर्ण वटवट्याच्या वाट्याला त्या हिशेबाने अर्धा ग्रॅमसुद्धा येत नाही. उजेडाची नोंद करणारी अगदी हलकी यंत्रं मिळतात, पण त्यांतली नोंद वाचायची तर तोच पक्षी पुढच्या वर्षी पुन्हा पकडावा लागतो.

डीएनएचा फायदा इथेच आहे. पक्षी एकदाच हातात आला तरी पुरतं, आणि जो पक्षी हातात आला तो प्रत्येक पक्षी काहीतरी सांगतो.

चौथी एक रीत आहे ती पिसातल्या हायड्रोजनची. पावसाच्या पाण्यात जड हायड्रोजनचं प्रमाण प्रदेशाप्रमाणे बदलतं. ते पाण्यातून वनस्पतीत, किड्यांत आणि शेवटी पक्ष्याच्या पिसात उतरतं. पीस पूर्ण वाढलं की ते प्रमाण तिथेच गोठतं. म्हणून पिसावरून ते कुठे उगवलं याचा अंदाज येतो. डीएनए आणि ही रीत एकत्र वापरली तर उत्तर जास्त नेमकं होतं. एक पूर्व-पश्चिम फरक चांगला सांगते, दुसरी बऱ्याचदा उत्तर-दक्षिण.

यासाठी पक्ष्याचं किती रक्त काढतात? त्याला इजा होते का?

अगदी थोडं, पंखाखालच्या शिरेतून सुईच्या टोकावर येईल इतकं. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, आपल्या तांबड्या पेशींत ते नसतं. त्यामुळे पक्ष्याच्या एका थेंबातही भरपूर डीएनए मिळतो. प्रशिक्षित माणूस हे काम काही मिनिटांत उरकून पक्षी सोडून देतो.

पिसाच्या देठातही डीएनए असतो, विशेषतः कातडीत रुतलेल्या टोकाशी आणि देठात अडकलेल्या बारीक रक्ताच्या गाठीत. गळून पडलेल्या पिसातून, अंड्याच्या कवचातून आणि विष्ठेतूनही तो काढता येतो. पण उन्हापावसाने तो तुटलेला असतो आणि काम अवघड होतं.

आपल्या भागात येणाऱ्या कोणत्या पक्ष्याची गोष्ट या शास्त्राने सगळ्यात चांगली उलगडली आहे?

माझं उत्तर हिरवट पर्ण वटवट्या. हा पक्षी दिसायला साधा आहे: वर हिरवट राखाडी, खाली मळकट पांढरा, डोळ्यावर फिकट भुवई. बेळगावच्या कॅम्पातल्या जुन्या झाडांत, जांबोटीच्या रस्त्याकडेला, कणकुंबीच्या रानात हिवाळाभर त्याचा दोन तुकड्यांचा बारीक आवाज येत असतो. पक्षी दिसण्याआधी आवाजच कळतो. हिवाळ्यातही हा आपली हद्द राखतो आणि दुसऱ्याला तिथे येऊ देत नाही.

त्याच्या विणीचा प्रदेश तिबेटच्या पठाराभोवती कड्यासारखा पसरलेला आहे. एक फाटा हिमालयातून काश्मीर, तिएन शान पर्वत असा पश्चिमेने वर चढत सायबेरियात जातो. दुसरा चीनमधून पूर्वेने वर चढून सायबेरियातच पोहोचतो. मधे पठार आहे, तिथे जंगल नाही म्हणून हा पक्षीही नाही. या फाट्यांवरून चालत गेलं तर शेजारशेजारचे पक्षी एकमेकांसारखेच असतात, त्यांचं गाणं थोडं थोडं बदलत जातं. पण मध्य सायबेरियात दोन्ही टोकं भेटतात तिथे पश्चिमेचा पक्षी पूर्वेच्या पक्ष्याचं गाणं ओळखत नाही आणि त्यांच्या जोड्या सहसा जमत नाहीत. डॅरेन अर्विन आणि सहकाऱ्यांनी 2001 साली गाणं आणि डीएनए दोन्ही तपासून हे मांडलं. पुढे 2014 साली जनुकसंचभर विखुरलेल्या हजारो खुणा तपासल्यावर चित्र थोडं गुंतागुंतीचं निघालं. कड्यात पूर्वी काही ठिकाणी खंड पडले होते आणि टोकांशी थोडीशी सरमिसळही झाली आहे.

स्थलांतराच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा भाग असा. सायबेरियातले हे दोन शेजारी हिवाळ्यात वेगवेगळ्या दिशांना जातात. पश्चिमेकडचा पठाराला पश्चिमेने वळसा घालून भारतात उतरतो, पूर्वेकडचा पूर्वेने वळसा घालून आग्नेय आशियात जातो. म्हणजे खानापूरच्या झाडावरचा पक्षी साधारणपणे पश्चिमेच्या फाट्याचा, आणि त्याचा सायबेरियातला शेजारी त्याच वेळी थायलंड-लाओसकडे. ज्या वाटांनी त्यांचे पूर्वज हजारो वर्षांपूर्वी पसरत गेले, साधारण त्याच वाटा ते आजही धरतात, असं यातून दिसतं.

त्याचाच एक जवळचा नातेवाईक, थोडा पिवळसर, कॉकेशसच्या डोंगरांत वीण करतो आणि तोही सह्याद्रीत हिवाळा काढतो. एकाच आंब्यावर कॉकेशसचा आणि किर्गिझस्तानचा पक्षी शेजारी बसलेले असू शकतात.

हिडकलच्या जलाशयावरच्या बदकांचं गावही असंच सांगता येईल?

बहुतेकदा नाही, आणि त्याचं कारण फार सुंदर आहे. तलवार बदक, थापट्या, चक्रांग या बदकांच्या जोड्या विणीच्या प्रदेशात जमत नाहीत, त्या हिवाळी मुक्कामावरच जमतात. हिवाळ्यात एका पाण्यावर दहा प्रदेशांतले नर-माद्या एकत्र आलेले असतात. जोडी जमली की नर मादीच्या मागोमाग तिच्या गावी जातो. त्याचं स्वतःचं गाव मग हजारो किलोमीटर दूर राहिलं तरी चालतं. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं की सगळ्या प्रदेशांचा डीएनए ढवळून निघतो. तलवार बदकाच्या बाबतीत तर आशिया आणि उत्तर अमेरिका इथल्या पक्ष्यांतही फारसा फरक सापडत नाही.

मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या कणांचा, डीएनए फक्त आईकडून येतो. माद्या आपापल्या गावी परतत असल्याने काही बदकांत तेवढ्या डीएनएमध्ये प्रदेशाची खूण राहते. पण एका पक्ष्याचं नेमकं गाव सांगण्याइतकी ती ठळक नसते. बदकांसाठी यंत्र किंवा कडंच बरं.

धोबी आणि गप्पीदास दिसायलाच वेगवेगळे असतात. त्यांचं गाव रंगावरून ओळखावं की डीएनएवरून?

गंमत अशी की या दोघांची उत्तरं उलटी आहेत.

पांढऱ्या धोब्याच्या वेगवेगळ्या उपजातींची डोकी, पाठ, गळा यांच्या रंगांत स्पष्ट फरक असतो. नांगरलेल्या रानात शेपूट हलवत फिरणाऱ्या धोब्याचा चेहरा नीट पाहिला तर तो साधारण कोणत्या मुलखातला हे जाणकार सांगतात. पण त्यांचा डीएनए तपासला तर तो जवळजवळ सारखाच निघतो. रंगातला फरक जनुकसंचातल्या अगदी मोजक्या ठिकाणांवर बेतलेला आहे. पिवळ्या धोब्याचंही असंच आहे. रंगावरून केलेल्या उपजाती आणि डीएनएवरून पडणारे गट एकमेकांशी जुळत नाहीत.

गप्पीदासाचं उलट. कुंपणाच्या काटकीवर बसणारा आपला हिवाळी गप्पीदास आणि युरोपातला गप्पीदास इतके सारखे दिसतात की पूर्वी ते एकच मानले जात. डीएनएने ते लांबचे ठरवले आणि आता आशियातला गप्पीदास वेगळी जात म्हणून नोंदवतात.

जोंधळ्यावर येणाऱ्या भोरड्या कुठून येतात?

मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून, आणि त्याच्या पश्चिमेकडे थेट पूर्व युरोपच्या टोकापर्यंतच्या भागातून. तिथे त्या टोळधाडीवर जगतात. चीनच्या शिनजियांगमध्ये तर टोळ आवरावेत म्हणून भोरड्यांना घरटी करायला मुद्दाम दगडांचे ढीग रचून देतात. आपल्याकडे कणसं भरताना थवाच्या थवा उतरतो आणि गोफण घेऊन माळ्यावर बसलेल्या माणसाची झोप उडवतो. नुकसान खरं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण याच भोरड्या रानातले नाकतोडे आणि अळ्याही खातात.

डीएनएवरून भोरड्यांचं गाव काढणं अवघड जावं असाच त्यांचा स्वभाव आहे. जिकडे टोळ जास्त तिकडे त्या वर्षी वीण. ठरलेलं गावच नसेल तर गावाची खूण डीएनएत साचायची कशी?

घटप्रभेच्या काठी येणारे कांड्या करकोचे हिमालय ओलांडून येतात का?

उपग्रह यंत्रं लावलेले मंगोलियातले काही कांड्या करकोचे हिमालय ओलांडून भारतात आल्याचं दिसलं आहे. मध्य आशियातल्या पश्चिमेकडच्या पक्ष्यांना अफगाणिस्तान-पाकिस्तानकडून यायची सोय आहे. काळ्या समुद्राकडचे करकोचे आफ्रिकेत जातात. धुपदाळच्या काठी उतरणारा एखादा थवा या दोन वाटांपैकी कोणत्या वाटेने आला, हे त्यातल्या एखाद्या पक्ष्यावर यंत्र असल्याशिवाय सांगता येणार नाही.

हिमालयाचा विषय निघाला की पट्टकादंब हंसाचं नाव घ्यावंच लागतं. उत्तर कर्नाटकातल्या तलावांवर तो येतो; गदग जिल्ह्यातलं मागडी केरे त्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि 2024 साली ते रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेलं. यंत्र लावलेल्या एका पट्टकादंबाची 7,290 मीटर उंचीवर नोंद झाली आहे. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतला प्राणवायू जास्त घट्ट धरतं, आणि ते जनुकांतल्या मोजक्या बदलांमुळे घडतं. अर्थात तो सगळा प्रवास तेवढ्या उंचीवरून करत नाही. शक्य तिथे तो दऱ्याखोऱ्यांच्या जवळून, खाली-वर होत जातो.

वाट पक्ष्याला जन्मतःच ठाऊक असते की तो मोठ्यांकडून शिकतो?

जातीप्रमाणे वेगळं आहे. करकोचे आणि हंस कुटुंबाने प्रवास करतात, पिल्लं आईबापांबरोबर वाट शिकतात. छोट्या वटवट्यांची पिल्लं मात्र बहुतेक एकटी, रात्रीची उडतात. त्यांना दिशा जनुकांतूनच मिळालेली असते.

याचा सगळ्यात नामांकित पुरावा युरोपातल्या ब्लॅककॅप या पक्ष्यावरचा आहे. जर्मनीत पीटर बेर्टहोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंजऱ्यात पक्षी वाढवले. त्यांतल्या आंद्रेआस हेल्बिग यांनी नैऋत्येला जाणारे आणि आग्नेयेला जाणारे अशा दोन गटांतल्या पक्ष्यांच्या जोड्या लावल्या. त्यांची पिल्लं स्थलांतराच्या दिवसांत दोन्हींच्या मधल्या दिशेला, म्हणजे दक्षिणेला तोंड करून फडफडू लागली. शिकवायला कोणी नव्हतं. कॅनडात स्वेनसन्स थ्रशच्या दोन गटांतल्या मिश्र संततीवर यंत्रं लावली तेव्हा मोकळ्या आकाशातही त्यातल्या अनेकांनी मधलीच वाट धरल्याचं दिसलं.

आपल्या ओळखीच्या बहिरी ससाण्यावर 2021 साली मोठं काम प्रसिद्ध झालं. आर्क्टिकच्या किनाऱ्यावरच्या सहा ठिकाणच्या 56 ससाण्यांवर उपग्रह यंत्रं लावली आणि 35 पक्ष्यांचे जनुकसंच वाचले. लांब जाणाऱ्या आणि जवळ थांबणाऱ्या गटांत एडीसीवाय8 या जनुकात फरक आढळला. हे जनुक स्मरणशक्तीशी जोडलेलं आहे. म्हणून हेच ते 'स्थलांतराचं जनुक' असं मात्र कोणी समजू नये. एवढा मोठा प्रवास अनेक जनुकांच्या मेळाने घडतो.

माकडताप आणि बर्ड फ्लू हे पाहुण्या पक्ष्यांमुळे येतात का?

माकडतापाचा आणि भारतातल्या पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासाचा जुना संबंध आहे, आणि तो आपल्या राज्यातलाच आहे. 1957 साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि माणसंही तापाने आजारी पडली. विषाणू सापडला तो रशियातल्या ओम्स्क तापाच्या विषाणूसारखा वाटला. सायबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांनी गोचिडीबरोबर तो आणला की काय, अशी शंका आली. ती तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सालिम अलींच्या मार्गदर्शनाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांना मोठ्या प्रमाणावर कडी घालायला सुरुवात केली. पक्ष्यांनी हा रोग सायबेरियातून आणल्याचा पुरावा मिळाला नाही. पण भारतातल्या पक्ष्यांच्या प्रवासाची पहिली भरघोस माहिती त्यातून मिळाली. पुढे विषाणूचा जनुकसंच वाचल्यावर त्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक सौदी अरेबियातला अलखुर्मा विषाणू निघाला.

माकडताप गेल्या दशकात घाटाखाली दोडामार्ग आणि सत्तरीपर्यंत पोहोचला आहे. खानापूरच्या लोकांनी काजूच्या रानात जाताना गोचिडींपासून जपावं. त्यासाठी पक्ष्यांना दोष देण्याचं कारण नाही.

बर्ड फ्लूचं वेगळं आहे. रानपक्षी हा विषाणू दूरवर नेतात हे खरंच आहे. 2005 साली चीनच्या छिंगहाय सरोवरावर पट्टकादंब मोठ्या संख्येने मेले आणि 2021 च्या जानेवारीत हिमाचलच्या पोंग धरणावरही. पक्ष्यातून मिळालेल्या विषाणूचा जनुकसंच वाचला की तो आधी कुठे फिरत होता हे कळतं. अशा वेळी पक्ष्याचा डीएनए आणि विषाणूचा जनुकसंच दोन्ही शेजारी ठेवून पाहतात. पण कोंबड्यांची आणि पिल्लांची वाहतूक, बाजार, खाद्याच्या गाड्या यांतूनही तो तितक्याच सहज पसरतो. रोगाची बातमी आली की तलावावरचे पक्षी हाकलणं हा उपाय नव्हे. हाकललेला पक्षी दुसऱ्या तलावावर जाऊन बसतो.

भीमगडच्या जंगलातल्या कायमच्या पक्ष्यांवर ही पद्धत चालते का?

चालते, आणि तिथे फरक जास्त ठळक दिसतात. सह्याद्रीच्या दक्षिण भागातल्या उंच शिखरांवर राहणारे काही पक्षी पालघाटच्या खिंडीसारख्या सखल पट्ट्यांनी एकमेकांपासून इतके तुटले, की डीएनएवरून त्यांना वेगळ्या जाती मानावं लागलं. जे पक्षी दरवर्षी खंड ओलांडतात त्यांच्यात फरक पुसट, जे एक दरी ओलांडत नाहीत त्यांच्यात गडद.

संग्रहालयातल्या जुन्या पक्ष्यांचा काही उपयोग होतो?

खूप होतो. पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्याच्या पायाच्या तळव्यातून टाचणीच्या टोकाएवढा तुकडा घेतला तरी शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा डीएनए वाचता येतो. त्या काळी इथे कोणत्या प्रदेशातले पक्षी येत आणि आज कोणते येतात, याची तुलना करता येते. ब्रिटिश काळात ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी हिंदुस्थानभरातून पक्ष्यांचे नमुने जमवले आणि 1885 साली सुमारे 82,000 नमुने ब्रिटिश म्युझियमला दिले. त्याच वर्षी काँग्रेसची स्थापना झाली, त्यातही ह्यूम पुढे होते. तीच काँग्रेस 1924 साली बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरली होती.

आपल्या देशात अशा तपासण्या कुठे होतात?

हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत वन्यप्राण्यांसाठी 'लाकोन्स' नावाची खास प्रयोगशाळा आहे. तुकडाभर मांस किंवा पीस असलं तरी जात ओळखण्याची पद्धत तिथे विकसित झाली. बेंगळुरूचं एनसीबीएस, तिरुपतीचं आयसर, देहरादूनचं भारतीय वन्यजीव संस्थान आणि कोइमतूरचं सालिम अली पक्षीविज्ञान केंद्र इथेही जनुकीय काम होतं. विमानाला पक्षी धडकला तर उरलेल्या पिसा-रक्तावरून जात ओळखतात, तेही याच शास्त्राने. सांबऱ्यासारख्या शेतांनी वेढलेल्या विमानतळांना ही माहिती फार मोलाची. जात कळली की ती कशासाठी येते हे कळतं आणि मग गवत, कचरा, पाणी यांचा बंदोबस्त करता येतो.

हे सगळं कळून आपल्या गावाला काय मिळणार?

मला सगळ्यात जास्त हाच प्रश्न आवडतो.

एखाद्या जातीचे पक्षी कझाकस्तानच्या एका भागात झपाट्याने कमी होत असतील, तर तिथले अभ्यासक तिथे कारण शोधतात. कारण तिथे असेल किंवा नसेलही. त्याच भागातले पक्षी जर अथणी-रायबागच्या माळावर हिवाळा काढत असतील आणि तो माळ नांगरून ऊस लागला असेल, तर कारण इथे असू शकतं. कोणत्या गावचा पक्षी कोणत्या गावी हिवाळा काढतो, ही जोडी लागल्याशिवाय ते कळणार नाही. हिवाळी मुक्कामाकडून येणारी माहिती फार कमी आहे आणि ती आपल्यासारख्या भागांतूनच यायची आहे.

कृष्णा, दूधगंगा, घटप्रभा यांच्या खोऱ्यांत ऊस किती वाढला हे सगळे पाहतात. उसावर घर चालतं, तो नको असं मी म्हणणार नाही. पण गावागावातले गायरान, माळ आणि पड जमिनी या 'रिकाम्या' म्हणून संपवल्या जातात, ते थांबायला हवं. भोवत्या हा शिकारी पक्षी मध्य आशियातून येऊन नेमका अशाच गवतात, जमिनीवर रात्र काढतो आणि दिवसभर शेतांवरून फिरत टोळ, नाकतोडे, उंदीर खातो. त्याला झाड नको, तळं नको, फक्त न नांगरलेलं गवत हवं.

डीएनएचा आणखी एक उपयोग पुढच्या काळासाठी आहे. अमेरिकेतल्या यलो वॉर्बलरवरच्या 2018 च्या अभ्यासात, बदलत्या हवामानाशी जुळवून घ्यायला ज्या गटांच्या जनुकांना सगळ्यात मोठी झेप घ्यावी लागेल, ते गट आधीच घटत चालल्याचं दिसलं. असे नाजूक गट हिवाळा कुठे काढतात हे कळलं, तर निदान त्या जागा तरी राखता येतात.

मी शेतात सापडलेली पिसं गोळा करून प्रयोगशाळेला पाठवू का?

परस्पर पाठवू नका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे रानपक्षी पकडणं, त्याचं रक्त घेणं किंवा त्याचे अवयव बाळगणं परवानगीशिवाय करता येत नाही. संशोधनासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. नमुने परदेशी न्यायचे असतील तर जैवविविधता कायदा 2002 खालीही मंजुरी घ्यावी लागते. कॉलेजच्या प्रकल्पासाठी काही करायचं असेल, तर आधी परवानगी असलेल्या संस्थेशी जोडून घ्या.

नोंदी मात्र कोणीही करू शकतं. पहिली भोरडी कोणत्या तारखेला आली, शेवटचा वटवट्या कधी दिसला, धोब्याच्या चेहऱ्याचा रंग कसा होता, हे 'ईबर्ड' या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर फोटोसह टाका. अभ्यासकांना नमुने कुठे आणि कधी घ्यायचे हे अशा नोंदींवरूनच ठरवता येतं. मराठी नाव माहीत असेल तर तेही लिहा, कन्नड नाव शेजाऱ्याला विचारून घ्या.

पायात कडी असलेला किंवा मेलेला पक्षी सापडला तर काय करावं?

जिवंत असेल तर पकडू नका. कड्यावरचे आकडे आणि पायावरच्या रंगीत पट्ट्यांचा क्रम दुर्बिणीने किंवा फोटोतून टिपून घ्या. डावा पाय की उजवा, कोणता रंग वर आणि कोणता खाली, हेही लिहा. भारतात घातलेल्या कड्यावर बहुधा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवण्याची सूचना असते. परदेशी कडं असलं तरी तिथेच कळवलं की ते पुढे पोहोचवतात.

पक्षी मेलेला असेल तर उघड्या हाताने शिवू नका. फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा आणि जवळच्या वनविभागाच्या कार्यालयात कळवा. एकाच पाण्यावर एकापेक्षा जास्त पक्षी मेलेले दिसले तर पशुवैद्यकीय दवाखान्यालाही त्याच दिवशी कळवा, आणि तोवर त्या पाण्यावर गुरं, कोंबड्या आणि कुत्री जाऊ देऊ नका.